वटवाघळाची विष्ठा आणि गंधक

बोटांच्या चिमटीत मावेल एवढी एक गोळी. वटवाघळाची विष्ठा आणि गंधक एकत्र मळून वळलेली. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाच्या १९७८ सालच्या 'प्लेअर्स हँडबुक'मध्ये 'फायरबॉल' या मंत्राचं वर्णन वाचताना, पाककृतीच्या डोक्यावर साहित्य लिहावं तसा हा तपशील आपल्याला भेटतो, आणि पहिल्या वाचनात आपण नाक मुरडून पुढे जातो. पण इथे क्षणभर रेंगाळावं. ती गोळी जरा उजेडाकडे धरावी. वटवाघळांच्या गुहांत वर्षानुवर्षं साठलेल्या विष्ठेतून सोरा काढत असत; सोरा, गंधक आणि कोळसा मिळून बंदुकीची दारू होते. म्हणजे ज्या अग्निगोलात राक्षसांच्या टोळ्या भाजून निघतात, त्या अलौकिक, मंत्रसिद्ध अग्निगोलाच्या पोटात लेखकानं रसायनशास्त्रातली एक जुनी, कुणालाही ठाऊक असलेली कृती लपवून ठेवली आहे. कोळसा तेवढा त्यानं गाळला. ती उणीव भरून काढणं हे मंत्राचं काम.

एकदा ही खोडी ध्यानात आली की आपण त्या पुस्तकातल्या मंत्रांची साहित्ययादी वेगळ्याच डोळ्यांनी वाचू लागतो. 'लाइटनिंग बोल्ट', म्हणजे विद्युल्लता फेकण्याच्या मंत्राला लागतो केसाळ कातड्याचा तुकडा आणि अंबराची, स्फटिकाची किंवा काचेची कांडी; शाळेतल्या विज्ञानाच्या तासाला कांडी घासून कागदाचे कपटे उचलल्याचं ज्याला आठवतं, त्याला हसू आवरत नाही. दुसऱ्याच्या मनातलं ओळखण्याच्या मंत्राला एक तांब्याचं नाणं, कारण विचारात गढलेल्या माणसाला 'तुझ्या विचारांचा एक पेनी देतो' असं म्हणायची इंग्रजांची जुनी रीत आहे. सर्व भाषा समजण्याच्या मंत्राला मातीचा छोटासा पायऱ्यांचा मनोरा, जो मंत्र उच्चारताच फुटतो: बाबेलचा बुरूज, तळहातावर मावणारा. शत्रूची मती गुंग करण्याच्या मंत्राला तीन करवंट्या, ज्यांच्याखाली दाणा लपवून जत्रेतले ठग भोळ्याभाबड्यांना लुबाडतात. आणि सोसाट्याचा वारा सोडण्याच्या मंत्राला, द्विदल धान्याचा एक दाणा. पावट्याची उसळ पोटभर खाल्लेल्या कुणालाही हा विनोद समजावून सांगावा लागत नाही.

या नियमपुस्तकातल्या बहुतेक मंत्रांना तीन अंगं असतात: उच्चार, हस्तमुद्रा आणि द्रव्य. पहिल्या दोहोंबद्दल लेखक फारसं बोलत नाही. जादूगार काय पुटपुटतो आणि बोटं कशी वळवतो हे खेळणाऱ्याच्या कल्पनेवर सोडून देतो. तिसऱ्या अंगात मात्र त्याचा जीव रमतो. अदृश्य व्हायचं असेल तर डिंकात बुडवलेला पापणीचा एक केस, झोप आणायची असेल तर चिमूटभर बारीक वाळू, गुलाबाच्या पाकळ्या किंवा एक जिवंत रातकिडा. या सगळ्या वस्तू कमरेच्या पिशवीत बाळगणारा माणूस डोळ्यांसमोर आणला, की आपल्याला दिसतो तो दाढीधारी, भेदक नजरेचा महामांत्रिक नाही, तर काचा, पिसं, किडे आणि शिंपले गोळा करत हिंडणारा एखादा जिज्ञासू पोरगा. जादूगाराच्या सामर्थ्याचं पहिलं मर्म मला इथेच सापडतं. त्याची शक्ती बाहुबळातून आलेली नाही, देवानं दिलेली नाही. ती वाचून, वेचून, जमवून आणलेली आहे.

आता ही व्यक्तिरेखा आली कुठून ते पाहू. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनिव्हा नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या गॅरी गायगॅक्स यांनी, म्हणजे त्याच 'हँडबुक'च्या लेखकानं, जेफ पेरेन यांच्याबरोबर १९७१ मध्ये 'चेनमेल' हा मध्ययुगीन लढायांचा नियमसंच प्रसिद्ध केला. टेबलावर छोट्या प्रतिमा मांडून त्यांची सैन्यं झुंजवायची, असा तो खेळ. त्याच्या शेवटी एक अद्भुतरसाची पुरवणी होती, आणि तीत एकेकटे उभे राहणारे जादूगार होते. त्या जादूगारांचा अग्निगोल किती जागा व्यापतो हे सांगताना नियम मोठ्या कॅटपल्टच्या माऱ्याचं माप वापरतो, आणि विजेसाठी अवजड तोफेचं. म्हणजे मुळात जादूगार हा झगा घातलेला तोफखाना होता. पुढे डेव्ह आर्नेसन आणि गायगॅक्स यांनी १९७४ मध्ये तीन लहान पुस्तिकांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' काढला, आणि सैन्य नाहीसं होऊन एक खेळाडू आणि त्याचं एकच पात्र एवढं उरलं. पात्रांचे वर्गही तीनच: लढवय्या, धर्मोपदेशक आणि 'मॅजिक-यूझर'. तोफखान्याला नाव मिळालं, वय मिळालं, भीती मिळाली, आणि मरण मिळालं. मरण तर फारच सढळ हातानं.

कारण या तोफेचा देह कमालीचा नाजूक आहे. १९७८ च्या नियमांत लढवय्याचे प्राणबिंदू ठरवताना दहा बाजूंचा फासा टाकतात. जादूगारासाठी चार बाजूंचा. तो छोटा, टोकदार, पिरॅमिडसारखा फासा ज्यांनी हातात घेतला आहे त्यांना ठाऊक असेल, तो इतर फाशांसारखा गडगडतसुद्धा नाही. टाकला की पचकन बसतो. त्यावर दोन आले म्हणजे तुमच्या महामांत्रिकाचा जीव दोन बिंदूंचा. चिलखत घालायचं नाही. तलवार धरायची नाही. शस्त्र म्हणाल तर खंजीर, हातानं फेकायचा टोकदार बाण, नाहीतर काठी. आणि ज्याच्यासाठी हा सगळा दुबळेपणा सोसायचा ती जादू किती? पहिल्या पातळीवर एक मंत्र. दिवसाकाठी एकदाच.

या 'एकदाच'पाशी आपण जरा बसू. समजा त्या नवख्या जादूगारानं आज 'स्लीप', म्हणजे निद्रेचा मंत्र पाठ केला आहे. भुयारात एका वळणावर गॉब्लिनांची टोळी समोर येते. साथीदार लढवय्ये दोन-चार वारांत थकतात, मागची वाट बंद आहे, आणि सगळ्यांच्या माना मागे वळतात, त्या कोपऱ्यात काठी धरून उभ्या असलेल्या पोराकडे. तो चिमूटभर वाळू भिरकावतो. १९७८ च्या नियमांप्रमाणे या मंत्राला प्रतिकाराचा फासा नाही. समोरचा कितीही सावध असो, झोपणारच. अशी क्षुद्र कोटीची किती माणसं वा राक्षस झोपतील ते फासे ठरवतात: चारपासून सोळापर्यंत. सोळा! लढवय्या एका फेरीत एकावर घाव घालतो, तोही लागला तर. आणि या पोरानं एका मुठीत अख्खी टोळी आडवी केली. त्यानंतर मात्र तो उरलेला संपूर्ण दिवस कंदील धरणारा हमाल असतो. एवढं ऐश्वर्य आणि एवढं दारिद्र्य एकाच पात्राच्या वाट्याला, एकाच दुपारी यावं, ही गोष्ट मला या खेळातल्या कुठल्याही ड्रॅगनपेक्षा अधिक अद्भुत वाटते.

मंत्र एकदा वापरला की संपतो, आठवणीतून पुसला जातो, ही कल्पना गायगॅक्स यांनी जॅक व्हान्स या लेखकाकडून घेतली, आणि आपल्यावरच्या प्रमुख प्रभावांत त्यांचं नाव १९७९ च्या पुस्तकात मोकळेपणानं नोंदवलं. व्हान्स यांच्या १९५० सालच्या 'द डाइंग अर्थ'मध्ये सूर्य विझत आलेला आहे, पृथ्वी म्हातारी झाली आहे, आणि जादूगार हे एका थोर, हरवलेल्या विद्येचे शेवटचे वाचक आहेत. त्यांच्यापैकी माझिरियन नावाचा जादूगार कठोर साधनेनंतरही एका वेळी चारच प्रबळ मंत्र डोक्यात वागवू शकतो, किंवा सहा दुय्यम. मंत्र हे तिथे नुसते शब्द नाहीत. त्यांना वजन आहे, ते मेंदूत जागा अडवतात, आणि उच्चारले की निघून जातात. या ऋणाची आणखी एक गमतीशीर खूण खेळात आहे: व्हेक्ना हा त्यातला कुप्रसिद्ध मृतजादूगार, आणि त्याच्या नावातली रोमन अक्षरं उलटसुलट मांडली की 'व्हान्स' तयार होतं.

परदेशी वाचकांना ही विस्मरणाची कल्पना चमत्कारिक वाटली, अनेकांनी तिची थट्टाही केली. आपल्याला ती चमत्कारिक वाटायचं कारण नाही. कर्णाला इंद्रानं दिलेली वासवी शक्ती अमोघ होती, पण एकदाच वापरायची. ती त्यानं अर्जुनासाठी राखून ठेवली. आणि रात्रीच्या युद्धात घटोत्कच कौरवसेनेचा चुराडा करू लागला तेव्हा सगळ्यांच्या आग्रहाखातर ती त्याच्यावर सोडली. त्या क्षणी कौरवांच्या छावणीत सुटकेचा निःश्वास आहे, पांडव शोकात आहेत, आणि कृष्ण तेवढा आनंदलेला. आता हाच प्रसंग फाशांच्या टेबलावर मांडून पाहा. पाचव्या पातळीचा जादूगार, आजच्या दिवसासाठी एकच अग्निगोल, समोर दहाबारा मस्तवाल ऑर्क आणि पुढच्या दालनात काय असेल ते ठाऊक नाही. 'टाक ना!' असं सगळे ओरडताहेत. पडद्याआड बसलेला डंजन मास्टर, म्हणजे ती सगळी दुनिया चालवणारा खेळगडी, चेहरा कोरा ठेवून नोंदवहीत पाहतो आहे. तो कृष्णासारखा मनात हसत नसेल असं कुणी सांगावं? आणि त्याच कर्णाला ऐन वेळी मंत्र न आठवण्याचा शापही होता. महाभारतकारांना जादूगाराची सगळी व्यथा ठाऊक होती. चार बाजूंचा फासा तेवढा त्यांच्यापाशी नव्हता.

म्हणूनच माझ्या मते जादूगाराचा खरा पराक्रम रणात घडत नाही, सकाळी घडतो. साथीदार शेकोटी विझवताहेत, पट्टे आवळताहेत, आणि हा एका दगडावर मंत्रपोथी उघडून बसला आहे. मंत्राच्या प्रत्येक पातळीमागे पंधरा मिनिटं, असा १९७८ चा नियम आहे. म्हणजे तिसऱ्या पातळीचा एक मंत्र घटवायला पाऊण तास. पोथीत मंत्र वीस असतील, डोक्यात जागा सातांचीच. आज पाणी लागेल का? दार बंद असेल का? कुणी खोटं बोलेल का? उंचावरून पडायची वेळ येईल का? प्रत्येक निवड हे येणाऱ्या दिवसाविषयीचं एक भाकीत आहे, आणि प्रत्येक गाळलेला मंत्र ही एक पत्करलेली जोखीम. बहुरूपी, अष्टपैलू अशी जी या वर्गाची ख्याती आहे ती इथे जन्म घेते. तो काहीही करू शकतो हे खरं; पण आज तो काय करू शकेल हे त्यानं पहाटेच ठरवलेलं असतं, आणि दुपार त्याची परीक्षा घेते.

अग्निगोलाकडे परत वळायचा मोह होतो, कारण त्या वर्णनातलं एक रत्न अजून उचलायचं राहिलं आहे. त्याची त्रिज्या वीस फूट. मोकळ्या मैदानात हा आकडा निरुपद्रवी वाटतो. परंतु १९७८ चा नियम पुढे सांगतो की स्फोट जागेचा आकार घेतो: भिंती आड आल्या तर आग दबत नाही, आपलं घनफळ पुरं होईपर्यंत मिळेल त्या दिशेला पसरते. आणि हे घनफळ साधारण ३३,००० घनफूट. आता हिशेब करा. दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच अशा भुयाराच्या बोळात ही आग सुमारे ३३० फूट लांब धावेल, स्फोटाच्या दोन्ही बाजूंना १६५ फूट. मंत्र टाकणारा साठ फुटांवर उभा असेल तर त्यानं स्वतःचीच चिता रचली. शिवाय या उष्णतेनं सोनं, चांदी, तांबं वितळतं. ज्या खजिन्यासाठी उतरलो तो खजिनाच रसासारखा दगडांच्या फटीत जिरतो. विजेच्या मंत्राची तऱ्हा आणखी निराळी, ती भिंतीवर आपटून परत फिरते. चौकटीच्या कागदावर पेन्सिलीनं रेषा मारत, कोन मोजत, 'जरा डावीकडून टाकली तर?' असं कुजबुजणारे खेळाडू पाहावेत. भूमिती या विषयाचा एवढा जिवंत, एवढा घामाघूम करणारा अभ्यास शाळेत झाला असता तर किती बरं झालं असतं! नव्या आवृत्त्यांनी हे घनफळाचं प्रकरण काढून टाकलं. आग आता बोळातून मागे येत नाही. सोय झाली. मला मात्र ती परतून येणारी, टाकणाऱ्याचीच भुवई जाळणारी आग अधिक प्रिय आहे.

परंतु जो जादूगार फक्त आग आणि वीज यांच्या भाषेत बोलतो, त्यानं आपल्या विद्येची ओसरीच पाहिली. माजघर पाहिलंच नाही. त्याच्या पोथीतली खरी गोडी त्या मंत्रांत आहे ज्यांनी कुणाला खरचटतही नाही. 'फेदर फॉल' पडणाऱ्याला पिसासारखं अलगद उतरवतो. 'ग्रीस' जमीन बुळबुळीत करतो. चिलखती सरदार दिमाखात पाऊल टाकतो आणि धपकन आपटतो. 'अनसीन सर्व्हंट' एक अदृश्य नोकर देतो, जो लढत नाही पण दार उघडतो, आसन मांडतो, पेला भरतो, आणि म्हणून सापळा असल्याचा संशय असलेल्या प्रत्येक दारापुढे त्यालाच पाठवलं जातं. 'टेन्सर्स फ्लोटिंग डिस्क' ही तर हवेत तरंगणारी, तीन फूट व्यासाची, मुकाट मागे येणारी तबकडी. लेखकाला ती लुटीचं सोनं वाहायला सुचली असावी; खेळाडूंनी तिच्यावरून जखमी मित्र नेले, विषारी डबकी ओलांडली, आणि एखाद्या मस्तवाल बटूनं स्वतः तिच्यावर बसून मिरवायचाही प्रयत्न केला. कुठल्या मंत्राचा कशासाठी उपयोग होईल हे पुस्तक ठरवत नाही. ते ठरतं टेबलावर, चहाच्या कपांमध्ये, कुणीतरी 'थांबा, थांबा, एक कल्पना आहे' म्हणतो तेव्हा.

या घरगुती मंत्रांत माझा सर्वात लाडका आहे 'रोप ट्रिक', आणि त्याला कारणही आपल्या बाजूचं आहे. दोर हवेत उभा राहतो. वर चढलं की दुसऱ्याच एका पोकळीत शिरता येतं. दोर आत ओढून घेतला की खालून जाणाऱ्याला काही पत्ता लागत नाही. भारतातल्या मदाऱ्याचा दोर ताठ उभा राहतो आणि पोरगा त्यावरून वर जाऊन गुप्त होतो, ही जगभर गाजलेली आख्यायिका इथे मंत्र होऊन आली आहे. त्या आख्यायिकेला जगभर पंख फुटले ते १८९० मध्ये 'शिकागो ट्रिब्यून'नं छापलेल्या एका वृत्तांतामुळे, जो बनावट असल्याचं त्याच वृत्तपत्रानं काही महिन्यांनी कबूल केलं. म्हणजे भारताच्या नावावर अमेरिकेत रचलेली थाप, आणि त्या थापेचा अमेरिकेतच झालेला मंत्र. इथे साहित्य काय लागतं? मक्याच्या सत्त्वाची पूड आणि पीळ घातलेलं चर्मपत्राचं वळं. त्या पीळ घातलेल्या वळ्यावरून बोट फिरवत गेलं की आत आणि बाहेर असा भेदच उरत नाही. गणितज्ञ त्याला म्योबियसची पट्टी म्हणतात. दिसेनासं होण्याची खोली उघडायला याहून चपखल किल्ली कुठली असू शकते? आणि व्यवहारात या मंत्राचा उपयोग काय होतो, तर थकलेली, रक्तबंबाळ मंडळी राक्षसांच्या भुयारात, राक्षसांच्या डोक्यावर घटकाभर बसून जखमा बांधतात. मुदत संपायच्या आत उतरायचं विसरलं तर सगळे धाडकन खाली. तेही घडतं.

मघाचा टेन्सर म्हणजे कोण? गायगॅक्स यांच्या मुलाचं, अर्नेस्टचं पात्र. त्याच्या नावाची अक्षरं उलटसुलट करून घडवलेलं. 'ड्रॉमिज' हे नाव मागून वाचलं की जिम वॉर्ड या सहकाऱ्याचं नाव हाती येतं. मॉर्डनकायनन हे खुद्द गायगॅक्स यांचं पात्र. मंत्रांच्या नावांत अडकलेले हे सगळे ऋषी मूळचे लेक जिनिव्हाच्या टेबलाभोवती बसणारे मित्र आणि मुलं होती, ही गोष्ट कळल्यावर त्या पोथीला एकदम माणसांचा वास येऊ लागतो. आपल्या सूक्तांच्या माथ्यावर द्रष्ट्याचं नाव असतं. इथे मंत्राच्या माथ्यावर खेळगड्याच्या पात्राचं.

एक तक्रार जुनी आहे आणि ती रास्तही आहे. वाढत्या पातळीबरोबर लढवय्या सरळ रेषेत वाढतो, जादूगार वर्गाच्या पटीत. सुरुवातीला कंदील धरणारा पोरगा बाराव्या पातळीवर क्षणार्धात दुसऱ्या शहरी जातो, राजांची मनं वाचतो, भिंती उभारतो. आणि ज्या शूर मित्रानं इतकी वर्षं त्याच्या पुढे ढाल धरली तो अजून तलवारच चालवतो आहे. कुलूप उघडण्यात हयात घालवलेल्या चोरापुढे जादूगारानं 'नॉक' म्हणावं आणि दार उघडावं, यात थोडी क्रूरता आहेच. खेळाच्या कर्त्यांनी पन्नास वर्षं या असमतोलाशी झुंज घेतली. २००० सालच्या आवृत्तीत 'सॉर्सरर' आला, थोडेच मंत्र जाणणारा पण रोज सकाळी निवडीच्या फेऱ्यात न सापडणारा. २००८ च्या चौथ्या आवृत्तीनं सगळ्या वर्गांना एकाच साच्याच्या शक्ती वाटून दिल्या. समता आली, चव गेली, असं माझं मत. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीतली एक युक्ती मात्र दाद द्यावी अशी: अनेक प्रभावी मंत्र चालू ठेवायला एकाग्रता लागते, एका वेळी एकावरच चित्त धरता येतं, आणि घाव बसला की चित्त ढळू शकतं. इतके दिवस जादूगाराला आवरायला नियम बाहेरून बेड्या घालत होते. इथे बंधन त्याच्या साधनेच्या आतूनच आलं. चित्त एकाच ठिकाणी ठेवणं किती अवघड असतं हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको.

या असमतोलावरचं सर्वात सुंदर उत्तर मात्र एका वेगळ्याच खेळानं दिलं. जोनाथन ट्वीट आणि मार्क राइन-हागेन यांचा 'आर्स मॅजिका' १९८७ मध्ये आला, आणि त्यानं तक्रार नाकारण्याऐवजी शांतपणे मान्य केली: होय, जादूगार इतरांहून श्रेष्ठ असतात. मग प्रत्येक खेळाडूला एक जादूगार द्या, एक साथीदार द्या, आणि शिपायांचा ताफा सगळ्यांत सामाईक ठेवा. आज तुमचा जादूगार मोहिमेवर, बाकीचे त्याचे साथीदार आणि शिपाई. उद्या पाळी बदलेल. यात मंत्र निवडायची पोथी आहे, पण तिच्या मुळाशी व्याकरण आहे. पाच क्रिया, दहा विषय, सगळं लॅटिनमध्ये. क्रेओ, इंटेलेगो, मूटो, पेर्डो, रेगो: मी निर्माण करतो, मी जाणतो, मी बदलतो, मी नष्ट करतो, मी नियमन करतो. विषयांत प्राणी, पाणी, हवा, देह, वनस्पती, अग्नी, प्रतिमा, मन, भूमी आणि जादू स्वतः. पाच दाहे पन्नास जोड्या, आणि प्रत्येक जोडीत अगणित वाक्यं. 'क्रेओ' आणि देह: जखम भरते. 'इंटेलेगो' आणि मन: विचार कळतात. आता एक जोडी अलगद उचलून पाहा. अदृश्य व्हायचं असेल तर कुठली क्रिया वापराल? आपण सहज म्हणू, काहीतरी निर्माण करावं लागेल, पडदा, धुकं, आवरण. नाही. इथे 'पेर्डो' आणि प्रतिमा यांची गाठ घालतात: माझी प्रतिमा मी नष्ट करतो. अदृश्य होणं म्हणजे स्वतःवर काही पांघरणं नसून स्वतःचं दिसणं काढून टाकणं, हे तत्त्व एका क्रियापदात सामावलेलं पाहून, पाणिनीच्या अंगणात वाढलेल्या आपल्या मनाला जी गुदगुली होते ती वेगळीच. लेक जिनिव्हाचा जादूगार पाठांतर करणारा बटू असेल, तर हा वैयाकरण आहे. तो ऐन प्रसंगी, त्या क्षणापर्यंत कुणी न उच्चारलेलं वाक्य रचू शकतो.

आणि गंमत पाहा, पाठांतर करणारा बटूही शेवटी वाक्यरचनेपाशीच येऊन ठेपतो. नवव्या, सर्वोच्च पातळीवरचा त्याचा मंत्र आहे 'विश': इच्छा बोला, ती खरी होईल. विषय, मर्यादा, साहित्य काही नाही. द्रव्यांची ती सगळी गमतीदार पिशवी इथे रिकामी होते आणि उरतो फक्त उच्चार. २०१४ च्या नियमांत त्याची किंमत जबर आहे. एखाद्या कमी पातळीच्या मंत्राची नक्कल करण्यापलीकडे काही मागितलं, तर अंगातलं बळ ओसरून कित्येक दिवस माणूस मरतुकडा होतो, आणि हा मंत्र पुन्हा कधीही न येण्याची शक्यता ३३ टक्के. याहूनही भयंकर आहे ते मागण्याचं भाषिक जोखड. 'तो खलनायक मेलेला असावा' असं म्हटलं तर खलनायकाला धक्का न लावता तुम्हालाच पुढच्या एखाद्या काळात नेऊन ठेवता येतं, जिथे तो आपोआप वारलेला आहे. हे उदाहरण खुद्द पुस्तकच देतं. हिरण्यकशिपूनं ना दिवसा ना रात्री, ना घरात ना बाहेर, ना माणसाकडून ना पशूकडून अशी एकेक फट बुजवत वर मागितला होता, आणि उंबरठा, संध्याकाळ नि नरसिंह एवढ्या तीन फटी त्याच्याकडून राहून गेल्या. म्हणून विश टाकायची वेळ आली की अनुभवी मंडळी फासे बाजूला सारून कोरा कागद पुढे ओढतात. मसुदा सुरू होतो. एक म्हणतो, 'आम्ही आत्ता आहोत त्याच काळात आणि त्याच ठिकाणी राहून' हे शब्द आधी घाला. दुसरी विचारते, म्हणजे मग इथून कधीच हलायचं नाही का. तिसरा 'मृत' की 'कायमचा मृत' यावर अडून बसतो. आणि डंजन मास्टर आणखी एक चहा मागवतो, कारण कलमं जितकी वाढतील तितकी त्याला चालायला जागा जास्त.